कल्हई गेलेली परात

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही आधी विचाराल, हिच्यात कणीक मळायची की बाळाला आंघोळ घालायची? दोन्ही झालंय माझ्यात. मी पितळेची परात आहे, जुनी, रुंद आणि जड. काठावर ठोक्यांनी नाव घातलंय, 'सौ. मिलकाबाई झिराडकर'. त्या नावाच्या निम्म्या ठिपक्यांत आता मळ बसलाय, आणि माझ्या पोटाच्या मधोमध एक हिरवा डाग आहे. तो डाग कसा पडला हेच मला सांगायचंय. बाकीचं आयुष्य सांगते ते केवळ डाग नीट कळावा म्हणून.

माझा जन्म अलिबागकडचा. तांबटाने मला एवढं ठोकलं की आजही कोणी भांडं आपटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मिलकाबाईंच्या सासरी तेलाचा घाणा होता. शनिवारी त्यांचा बैलसुद्धा सुट्टीवर असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते यहुदी होते, बेने इस्राएल. नेसायला नऊवारी, बोलायला मराठी, खायला तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. प्रार्थना मात्र हिब्रूत. गावाला त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. चमत्कारिक वाटायला लागलं ते पुढे, लांबच्या लोकांना.

दरवर्षी कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून भट्टी पेटवायचा, भाता चालवायचा, मला लालबुंद तापवून आत नवसागर टाकायचा. पांढऱ्या धुराने सगळी पोरं खोकायची आणि तरी जवळ यायची. मग कथलाची कांडी फिरायची, कापसाचा बोळा फिरायचा, आणि बघता बघता माझं पोट आतून चांदीचं व्हायचं. मिलकाबाई माझ्यात वाकून बघत अंबाडा सारखा करायच्या. तुम्हाला कल्हई ठाऊक नसेल, कारण तुमच्या घरी सगळं स्टीलचं. तर ऐका. पितळेत आंबट काही राहिलं की ते कळकतं. हिरवं होतं, कडू होतं, पोटात गेलं तर विष होतं. यात दोष पितळेचा नाही आणि आंबटाचाही नाही. दोघांच्या मध्ये एक पातळ थर लागतो, बस. तो थर म्हणजे कल्हई.

त्या घरात माझं खरं काम एकच होतं, मलिदा. तुम्ही वर्तमानपत्रात अधिकारी खातात म्हणून वाचता तो मलिदा नव्हे. पोहे धुऊन त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, पिस्ते घालायचे. माझ्या मधोमध त्याचा डोंगर करायचा आणि भोवती पाच फळं मांडायची. मग एलियाहू हनाबीचं, म्हणजे त्यांच्या एलिया प्रेषिताचं नाव घ्यायचं, गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. कोणी तापातून उठलं, कोणाचं लग्न ठरलं, कोणी दर्यातून सुखरूप परतलं की हा नवस फेडायचा. नियम दोनच. नवसाच्या मलिद्याला कोणी नाही म्हणायचं नाही, आणि तो उरू द्यायचा नाही.

पुढे घाणा बंद पडला, माणसं पांगली. मिलकाबाईंच्या दोन नाती. थोरली सीमा लग्न होऊन इस्राएलला, अश्दोदला गेली. धाकटी दिना नर्स झाली आणि साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात लागली. विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा दिनाने बॅगेतून गरम कपडे काढून भावाच्या हातात दिले, पण मला काढलं नाही. पहिला हिवाळा तिने मला शिव्या घालत काढला. मी ऐकून घेतल्या. थंडी तिला वाजत होती, मला नाही.

साउथहॅम्प्टनला कल्हईवाला कुठला? दिना मला जपून वापरायची. साबण आणि मऊ फडकं, वर्षातून एखादाच मलिदा. तिचा नवरा गेल्यावर तेही थांबलं आणि मी बॉयलरच्या कपाटात जाऊन बसले, माझ्यावर टॉवेल, टॉवेलांवर इस्त्री. असं कितीतरी वर्षं. मला वाटलं होतं की संपलं आपलं.

मग दिनाची मुलगी तिर्झा मला ब्रिस्टलला घेऊन गेली. ती तिथे एका शाळेत विज्ञान शिकवते. टोटरडाउनच्या चढावर, रंगीत घरांच्या एका रांगेत तिने आणि आश्लेषाने घर भाड्याने घेतलंय. आश्लेषा इथेच जन्मलेली, आईवडील पुण्याचे, ती स्वतः हॉस्पिटलात डॉक्टर. तिचं मराठी म्हणजे "माझा आई म्हणाली" असं. पण बोलते मात्र बिनधास्त. माझ्या काठावरचं नाव तिनेच एक एक अक्षर लावून वाचलं आणि ओरडली, "तिर्झा, तुझा परात मराठी आहे!"

तिर्झा म्हणाली, "मी पण आहे की."

आता मुद्द्यावर येते.

त्या ऑक्टोबरच्या सात तारखेला तिकडे इस्राएलवर हल्ला होऊन जे झालं आणि त्यानंतर गाझात जे होत राहिलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. ब्रिस्टलमध्ये बॉम्ब पडले नाहीत. पण इथल्या तरुण यहुदी पोरांची एकमेकांशी बोलायची सोय राहिली नाही. प्रार्थनामंदिराच्या दाराशी पहारेकरी आले. आत गेलं की कोण कोणाशेजारी बसतं याची नोंद सगळ्यांच्या डोळ्यांत. तिर्झा एका शुक्रवारी आश्लेषाला म्हणाली, "मी दहा माणसं जेवायला बोलावते. एकमेकांशी न पटणारी. मुद्दाम."

"मी पण थांबू? मी ज्यूइश नाहीये."

"तू थांबच. कोणाला चक्कर आली तर डॉक्टर लागेल."

अशी ती मंडळी जमू लागली, महिन्यातून एका शुक्रवारी. ती बोलतात इंग्रजीत, मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते आहे.

त्यांतली दोन पोरं नीट लक्षात ठेवा. एक जोएल. विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, उंच, बोलताना ब्रेडचे तुकडे करत बसणारा. त्याची मावशी सात तारखेला तिच्या घरात मारली गेली. दुसरी नेसा. बालवाडीत शिकवते. दर शनिवारी गाझासाठीच्या मोर्चात जाते, मेलेल्या मुलांची नावं पाठ करते आणि मोठ्याने म्हणते. तिला एकाच आठवड्यात प्रार्थनामंदिराबाहेर एका म्हाताऱ्याने गद्दार म्हटलं आणि बसमध्ये एका पोराने तिच्या गळ्यातला यहुद्यांचा सहा टोकांचा तारा बघून याहून घाण काहीतरी म्हटलं. तो आठवडा सगळा जोएल तिला कामावरून घरापर्यंत सोडायला जात होता. वाटेत दोघं भांडत असत ते वेगळं.

पहिला शुक्रवार फोनांनी नासवला. जोएल मावशीबद्दल बोलत होता आणि मध्येच कोणाच्यातरी फोनवर बातमी आली, तो वाचायला लागला, दुसऱ्याने वाचली, तिसरा म्हणाला, "ही खोटी आहे." तिर्झा उठली, स्वयंपाकघरातून मला आणलं आणि टेबलावर दाणकन ठेवलं.

"फोन. सगळ्यांचे. हिच्यात."

तेव्हापासून मी फोनांची परात झाले. मलिद्याची होते, फोनांची झाले. म्हटलं, ठीक आहे, निदान टेबलावर तरी आले. पण मित्रांनो, पितळेत ठेवलेला फोन थरथरला की भुंग्यासारखा गुरगुरतो. जगातल्या सगळ्या वाईट बातम्या माझ्या पोटात येऊन गुरगुरत आणि ती पोरं माझ्याकडे न बघता जेवायचा प्रयत्न करत. कधीकधी साऱ्यांचे फोन एकदम थरथरायचे. मग कळायचं की काहीतरी मोठं झालं. कोणी उठायचं नाही. सूप थंड व्हायचं.

नियम असा होता की एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ब्रेड एकदा सगळ्यांच्या हातांतून फिरल्याशिवाय उलट बोलायचं नाही. सोपं वाटतं ना? करून बघा घरी. तरीसुद्धा त्या टेबलावर मी चांगल्या गोष्टीही पाहिल्या, खोटं कशाला बोलू. जोएल एकदा मावशीच्या हातच्या लोणच्याबद्दल सांगता सांगता रडायला लागला. नेसा उठली, त्याचं ताट उचललं, धुतलं, पुसलं आणि परत त्याच्यासमोर ठेवलं. बस, एवढंच. आणि नेसा नावं म्हणायची तेव्हा जोएल मान खाली घालून ऐकायचा. त्याला ते आवडत नसे. पण ऐकायचा. कोणी तिसऱ्यानेच तिला टोकलं तर म्हणायचा, "ब्रेड अजून फिरलेला नाही."

अशी दोन वर्षं गेली. आणि या सगळ्या काळात तिकडे साउथहॅम्प्टनला दिना एकच गोष्ट करत होती, वाट बघत होती. तिच्या बहिणीचा, सीमाचा मुलगा ओरेन सैन्यात बोलावला गेला होता. परत गेला, परत आला, पुन्हा बोलावला. दिना नवस बोलली होती, ओरेन जिवंत घरी आला की मलिदा करीन. एका थंडीत सीमाचा फोन आला. सैन्याने ओरेनला कायमचं सोडलं. तो अश्दोदला घरी आहे, अंघोळ करून झोपलाय.

साउथहॅम्प्टनला नवसाचा मलिदा खायला दहा माणसं कुठून आणायची? दिनाला तिर्झाचं टेबल आठवलं. तिने फोन केला.

"तुझ्या त्या मंडळींना सांग, या शुक्रवारी मी येते. परात घासून ठेव."

"मम्मी, मंडळी जरा..." तिर्झा अडखळली. "सगळ्यांना पटेलच असं नाही."

"मलिदा पटायला काय असतं? गोड असतो."

तिर्झा शाळेत होती म्हणून घासायचं काम आश्लेषाने घेतलं. तिच्या आईची देवाची भांडी पितळेची. ती चिंच आणि मीठ लावून लखलखीत करायची, एवढं आश्लेषाला लहानपणापासून माहीत. तिने मला सिंकमध्ये घेतलं. बाहेरून घासलं, मला फार बरं वाटलं. मग तिने मला उलटं केलं आणि आतला जुनाट पांढुरका थर बघून म्हणाली, "शी, किती घाण बसला आहे." चिंच कमी पडली तर लिंबू घेतलं, लिंबू कमी पडलं तर स्टीलची तारेची घासणी. गाणी ऐकत ऐकत, मोठ्या प्रेमाने, तिने माझ्या पोटातली शेवटची कल्हई खरवडून काढली. मी ओरडू शकत नाही. खणखणले, तर ती म्हणाली, "आवाज पण छान आला आता."

दिना आली. हातात दोन पिशव्या, पोहे, नारळ, खजूर. दारातच आश्लेषाने मला पुढे धरलं. "दिनामावशी, बघा ना, परात किती शायनी झाला! गोल्ड!"

दिना हसली. मग तिने आत पाहिलं.

"आतून पण?"

"आतून तर जास्त घाण होता."

दिना खुर्चीत बसली. कोट काढायचा राहिला. त्या पोरीचा चेहरा बघून तिने तोंडातला शब्द गिळला आणि म्हणाली, "चांगलं केलंस हो. फक्त हिच्यात आता काही ठेवून चालायचं नाही. लगेच वाढायचं, लगेच संपवायचं."

तिर्झा म्हणाली, "मग स्टीलच्या बोलमध्ये करू या ना. नाहीतर खाली बेकिंग पेपर घाल."

"कागदावर? नवसाचं आहे, केक नाही. मिलकाआजीच्या परातीतच व्हायचं. दहा माणसं आहेत, दोन दोन घास. किती वेळ लागतो?"

हे दिनाचं म्हणणं. मीसुद्धा तेव्हा हेच म्हणाले असते. दहा माणसं, दोन दोन घास. वेळ लागतो किती?

त्या शुक्रवारी फोन एका टोपलीत गेले आणि कितीतरी वर्षांनी माझ्यात मलिदा आला. मधोमध पांढरा डोंगर, भोवती सफरचंद, केळी, द्राक्षं, खजूर आणि संत्र्याच्या फोडी. वेलचीचा वास. मला मिलकाबाईंचं अंगण आठवलं. पोरं वाकून बघत होती. कोणी विचारलं, "हे दिवाळीचं आहे का?" आश्लेषा म्हणाली, "नाही रे, हे तुमचंच आहे." सगळे हसले. ते शेवटचं हसणं.

दिनाला हिब्रू वाचायला चष्मा लागतो आणि धीर लागतो. ती जोएलला म्हणाली, "तू म्हण, बाळा." जोएलने डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणण्याआधी त्याने विचारलं, "कशासाठी आहे, तेवढं सांगा."

"माझा भाचा ओरेन. लढाईतून सुखरूप घरी आला."

जोएलचे डोळे भरले. तो म्हणाला, "आमेन." आणि त्याच वेळी नेसाने टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

त्या देशात आईच्या वयाच्या बाईलाही नावानेच हाक मारतात. नेसा म्हणाली, "दिना, तुमचा भाचा परत आला याचा मला खरंच आनंद आहे. पण मी हे खाऊ शकत नाही."

"का गं? ॲलर्जी आहे?"

"नाही." तिचा आवाज अगदी हळू झाला. "तो तिथे काय करून आला, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. त्याबद्दल आभार मानायला मला जमणार नाही."

"ब्रेड फिरवा," तिर्झा घाईने म्हणाली. पण त्या दिवशी मधोमध ब्रेड नव्हता, मी होते.

जोएल म्हणाला, "आभार तो जिवंत आहे याचे आहेत. एवढंसुद्धा तुला सहन होत नाही?"

"मग जे जिवंत नाहीत त्यांचीही नावं घेऊ या. फळं पाच आहेत. एकेका फळावर एकेक नाव. तुझ्या मावशीचंही. आणि गाझातल्या मुलांची."

तिर्झाच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "हे चांगलं आहे. करू या?"

"नाही," जोएल म्हणाला. "माझ्या मावशीचं नाव त्या यादीत नको. दोन वर्षं मी तुझी नावं ऐकली, नेसा. दर महिन्याला. आज एक दिवस, एका बाईच्या घरी आनंद आहे, एक दिवस तू गप्प बसू शकत नाहीस?"

"मी गप्प बसले तर तुला घास गोड लागेल?"

"हो! लागेल!"

"मग एक सांग. तुमच्या कंपनीत बनतो तो भाग कुठल्या विमानात बसतो? कधी विचारलंस?"

मित्रांनो, जोएल पांढरा पडला. मला वाटतं, त्याने विचारलं होतं. स्वतःला. आणि उत्तर ऐकायला थांबला नव्हता.

तेव्हा दिना बोलली. तिच्या इंग्रजीत एरवी हॉस्पिटल असतं, शांत, समजावणारं. तेव्हा ते नव्हतं. "ऐका. मी नवस केला तो मावशी म्हणून. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. देवाला मी असं नव्हतं सांगितलं की ह्याला सोड आणि दुसऱ्या कोणाचं मूल घे."

नेसा रडत होती. रडत रडतच म्हणाली, "पण मुलं घेतलीच ना, दिना."

यानंतर कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. जोएलने टोपलीतून स्वतःचा फोन घेतला आणि कोट न घालता, हातात घेऊनच गेला. त्याच्यामागे तिघं उठले. नेसाने दिनाचा हात धरला, दिनाने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. मग नेसा गेली आणि तिच्यामागे बाकीचे.

माझ्यातला डोंगर तसाच. संत्र्याचा रस हळूहळू पोह्यांखाली उतरत होता, सरळ माझ्या उघड्या पितळेवर. मला तो जाणवत होता. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, भांडा, पण आधी मला रिकामं करा.

आश्लेषाने एक मोठी मूठ भरली आणि तोंडात घातली. बारा तासांची शिफ्ट करून आली होती. तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "मावशी, खूप छान आहे. सॉरी. पण खूप छान आहे." दिनाने एक घास खाल्ला. मग मला तिर्झाच्या पुढे सरकवलं.

"तू तरी खा."

तिर्झाने माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, मी खाल्लं तर नेसा गेली. नाही खाल्लं तर तू."

"मी कुठे जाते? मी आईच आहे तुझी."

"म्हणूनच," तिर्झा म्हणाली, आणि वर निघून गेली. तिने खाल्लं नाही.

दिनाचा हात दोनदा माझ्या काठापर्यंत आला. मलिदा दुसऱ्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे उरला हे कबूल करणं. तिने मला तसंच टेबलावर सोडलं. वर फडकं झाकलं, जसं झोपलेल्या पोरावर झाकतात. आणि सोफ्यावर आडवी झाली.

सकाळी फडकं उचललं तेव्हा मलिदा कळकला होता. तळाशी हिरवा, वर शेवाळी, आणि वेलचीच्या वासाखाली तांब्याचा तो कडू वास. आश्लेषा बघतच राहिली. "हे मी केला? मी घासला म्हणून?"

"नाही गं," दिना म्हणाली. "कोणी खाल्लं नाही म्हणून."

आता टाकायचा कुठे? नवसाचा मलिदा कचऱ्यात टाकत नाहीत. गावी असता तर वाहत्या पाण्यात सोडला असता. आश्लेषा म्हणाली, हार्बरमध्ये टाकला तर कौन्सिल दंड करेल. दिना म्हणाली, पाखरांना घालू. मग स्वतःच म्हणाली, नको, मरतील बिचारे सीगल्स. शेवटी तिर्झाने कौन्सिलचा उरल्यासुरल्या अन्नाचा तपकिरी डबा उघडला, त्यात चहाच्या पिशव्या आणि बटाट्याची सालं होती. दिनाने मला तिरकं केलं आणि ओरेनच्या जिवाचा मलिदा त्यावर ओतला. डबा कोल्ह्यांनी उघडू नये म्हणून त्याला कडी असते. तिने ती नीट लावली.

संध्याकाळी अश्दोदहून फोन आला. मी ओट्यावर पालथी होते. फोन माझ्या पाठीला टेकवून ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ओरेनचं मराठी आईकडून शिकलेलं, कोकणातलं, तुटक.

"मावशी, आई म्हणते, तू मलिदा केलास."

"केला ना. मिलकाआजीच्या परातीत. सगळ्यांनी पोटभर खाल्ला." दिना खोटं सहसा बोलत नाही. हॉस्पिटलातसुद्धा नाही.

मग तो म्हणाला, "कशाला केलास?"

"अरे, तू परत आलास म्हणून."

"मी परत आलो, असं तुला कोणी सांगितलं?"

दिनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पितळेची आहे, मला कोणाचं ओझं होत नाही. पण त्या हाताचं झालं.

नंतरचं थोडकंच आहे. त्या टेबलाची दोन टेबलं झाली. जोएलच्या घरी एक, नेसाच्या घरी दुसरं. दोन्हीकडे सगळे एकमेकांशी सहमत असतात, असं आश्लेषा सांगते. जेवण चांगलं असतं म्हणे. तिर्झाला दोन्हीकडून बोलावणं येतं. ती जात नाही. एकदा जोएल त्याचा विसरलेला चार्जर न्यायला आला. मला पाहिलं, माझ्या डागावर अंगठा घासला. "हे कशाने झालं?"

"थांबल्याने," तिर्झा म्हणाली.

त्याला आणखी काही विचारायचं होतं. दारापर्यंत जाऊन वळला, विचारलं, "नेसा बरी आहे?" तिर्झा म्हणाली, "तिला विचार." तो गेला. त्याने विचारलं की नाही मला ठाऊक नाही. मी परात आहे, मला टेबलापलीकडचं दिसत नाही.

उन्हाळ्यात आश्लेषा पुण्याला जाणार आहे. मला बॅगेत घालून नेईन, कल्हई करून आणीन, असं तिने दिनाला वचन दिलंय. कल्हईवाला सापडला तर. आणि सामानाचं वजन बसलं तर.

तोपर्यंत दर शुक्रवारी तिर्झा मला टेबलावर ठेवते. आधी दहा फोन असायचे, आता एकच, तिचा स्वतःचा. एकच फोन असला ना मित्रांनो, की तो थरथरतो तेव्हा पितळेत आवाज फार मोठा होतो. दोन निरोप येतात, बहुतेक एकामागोमाग एक. येतेस का? येतेस का? तिर्झा दोन्ही वाचते आणि फोन परत माझ्यात ठेवते.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, माळ्यावर, कपाटात, टॉवेलांखाली, तर तिला काढा, पण चमकवायच्या नादात तिचं पोट खरवडू नका. आतल्या पांढुरक्या थराला घाण म्हणू नका. तो कोणीतरी धुरात बसून, हात भाजून घेऊन लावलेला असतो. आणि भरलेलं ताट मधोमध आलं की भांडण असेल तर खुशाल भांडा, तुमचं भांडण खरं असेल, मी कोण नाही म्हणणारी. मी रुंद होते, माझ्यात पाचही फळांवरची नावं मावली असती. पण आधी एक एक घास उचला. तुम्ही एकमेकांची वाट बघाल. पितळ वाट बघत नाही.